कोणती पिशवी?

“मॅडम, पिशवी काढावी लागेल,” डॉक्टर म्हणाले.

“ती तर १९९७ सालीच काढली,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी फाइलमधून मान वर केली. शेजारच्या स्टुलावर बसलेली सून वाकून माझ्या कानाशी म्हणाली, “आई, ती नाही. लघवीची.” मला आधी हसू आलं. आपण कशावर हसतोय ते मग कळलं.

आमच्या अमळनेर-पारोळा-चोपडा भागात बाईच्या बाबतीत ‘पिशवी’ला एकच अर्थ. ‘तिची पिशवी काढली’ म्हटलं की ऐकणारी मान हलवते, पुढे काही विचारत नाही. गर्भाशय हा शब्द पुस्तकातला; मूत्राशय तर पुस्तकातही घाईने उरकायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मी फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढली, त्यांना दोन नळ्या जोडल्या, खाली एक फुगा काढला आणि बाण करून ‘मूत्राशय’ लिहिलं. वर्गात खुसखुस सुरू झाली की डस्टर फिरवून पुढच्या धड्यावर जायचं. त्या फुग्याला आतून अस्तर असतं, अस्तराखाली एक पातळ थर, त्याखाली स्नायू, आणि कॅन्सर कुठल्या थरापर्यंत उतरलाय यावर माणसाचं पुढचं सगळं ठरतं, हे मला बासष्टाव्या वर्षी शिकावं लागलं.

रक्त पहिल्यांदा दिसलं ते २०२३च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माहेरी गेले होते, चोपड्याकडे. साठी उलटली तरी आखाजीचं माहेर मी सोडलेलं नाही. वहिनी अजून खापरावर मांडे करते आणि जिभाऊंच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला असतो. दुपारी संडासात गेले तर लालसर पाणी. बीट खाल्लं होतं का, आठवत बसले. दुखत काहीच नव्हतं. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, “उन लागनं व्हई माय, उन्हाळी शे ती,” आणि तिने धने-जिऱ्याचं पाणी करून दिलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकतो, त्यामुळे लघवीचं कुठलंही दुखणं उन्हाच्या नावावर सहज खपतं. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. श्रेय धने-जिऱ्याला मिळालं.

फसगत होते ती इथेच. या रोगात रक्त येतं आणि आपलं आपण थांबतं. जूनमध्ये पुन्हा आलं, जुलैत पुन्हा. दर वेळी इन्फेक्शनच्या गोळ्या, दर वेळी रक्त बंद. गोळ्यांनी थांबलं असं मलाही वाटलं आणि लिहून देणाऱ्यांनाही. पुरुषाच्या लघवीत रक्त दिसलं तर तो धावत सुटतो. बाईला वाटतं, रक्त दिसणं ही काय आपल्याला नवी गोष्ट. पण माझी तर पिशवी नव्हती! सव्वीस वर्षं पाळी नसलेल्या बाईला रक्त येईल कुठून, एवढं साधं गणित, गणित शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईने चार महिने मांडलं नाही. हे वाचणाऱ्या कुणाला न दुखता लघवीतून रक्त गेलं असेल, एकदाच का होईना, तर सोनोग्राफी करून घ्या. उपदेश एवढाच, पुढे करणार नाही.

ऑगस्टअखेर जळगावला सोनोग्राफी झाली. अडीच सेंटिमीटरची गाठ. लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण घालून ती खरवडून काढतात. पोटावर चिरा नाही, टाका नाही. टीयूआरबीटी म्हणतात त्याला. तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा वाटलं, संपलं. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. हाय ग्रेड, म्हणजे पेशी आडदांड. टी-वन, म्हणजे अस्तर ओलांडून खालच्या थरात उतरलेला. आणि तळाशी एक ओळ होती, ती सुनेने वाचली, मी नाही: तपासलेल्या तुकड्यांत स्नायू आलेला नाही. आता स्नायूच आला नाही तर त्यात रोग शिरलाय की नाही हे कळणार कसं? म्हणून पाच आठवड्यांनी पुन्हा भूल, पुन्हा दुर्बीण. या खेपेला स्नायू आला आणि स्वच्छ निघाला. पण अस्तरावर दोन जागी चपटे लाल चट्टे सापडले. सीआयएस, म्हणजे अस्तरापुरता राहिलेला कॅन्सर. गाठीसारखे वर येत नाहीत, मखमलीसारखे पसरतात, आणि दिसायला किरकोळ असले तरी जातीने हाय ग्रेडच असतात.

तर माझा रोग असा मधला निघाला. स्नायूत उतरला असता तर मोठ्या इलाजाखेरीज गत नव्हती. नुसता अस्तरावर आणि शांत जातीचा असता तर खरवडून, लक्ष ठेवून भागलं असतं. मधल्यांसाठी दोन वाटा. एक, मूत्राशय ठेवायचं आणि त्यात बीसीजीची लस सोडत राहायची. दोन, मूत्राशयच काढून टाकायचं, आत्ताच, रोग स्नायूत शिरायच्या आधी.

“यातलं बरोबर कोणतं?” मी विचारलं.

“दोन्ही.”

पस्तीस वर्षांत मी मुलांना अनेक वाईट प्रश्न विचारले असतील, पण ज्याची दोन्ही उत्तरं बरोबर आणि चुकलं तर मार्क नाही, जीव जाणार, असा एकही काढला नाही.

डॉक्टर भले होते. त्यांनी लेटरहेडच्या मागे दहा रेघा ओढल्या. म्हणाले, बीसीजी दिल्यावर दहांपैकी साधारण सात जणांचे असे चट्टे जातात. त्या सातांतल्या काहींचे पुन्हा उगवतात. ऑपरेशन केलं तर ही टांगती तलवार बरीच दूर होते, पण ऑपरेशन मोठं आहे. निम्म्याहून अधिक लोकांना पहिल्या तीन महिन्यांत काही ना काही त्रास होतो, कुणाला ताप, कुणाला आतडं सुस्तावतं, कुणाचा टाका पिकतो. मी रेघांकडे बघत होते. शेकडेवारीचं उदाहरण शिकवताना मी नेहमी आंबे घ्यायचे: शंभर आंब्यांतले तीस नासके. पोरं उत्तर बरोबर काढायची. आंब्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

मूत्राशय काढल्यावर लघवी जाणार कुठे, हा प्रश्न मी विचारला तेव्हा सून उठून पाणी प्यायला गेली. लहान आतड्याचा वीतभर तुकडा कापून घेतात. दोन्ही मूत्रवाहिन्या त्याच्या एका टोकाला जोडतात आणि दुसरं टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढतात. त्यावर थैली चिकटवायची, लघवी त्यात जमत राहते. अमेरिकेतले ब्रिकर नावाचे सर्जन १९५० साली ही पद्धत घेऊन आले आणि अजून सर्वांत जास्त तीच चालते. दुसरा प्रकार म्हणजे आतड्याचंच नवं मूत्राशय शिवून आत बसवायचं, थैली नाही. ऐकायला हाच छान वाटतो. पण त्या नव्या पिशवीला भरल्याची जाणीव नसते, घड्याळ लावून रात्री उठावं लागतं. आणि बायकांमध्ये कधी कधी ती रिकामीच होत नाही, मग नळी आपल्या हाताने घालायची.

म्हणजे पिशवी काढायची आणि पिशवी लावायची. मराठीने इथे थोडी अधिक मेहनत घ्यायला हवी होती.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस. पुण्याचा मुलगा म्हणाला, “आई, एकदाचं काढून टाक, डोक्याचा ताप जाईल.” कुणाच्या डोक्याचा, ते मी विचारलं नाही. रोज रात्री तो काहीतरी पाठवायचा. २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनबद्दल पाठवलं; ते बीसीजी हरल्यावर देतात, आणि एका डोसची किंमत ऐकून मी माझ्या पेन्शनचे महिने मोजले. शेजारच्या काकूंनी पळसाच्या फुलांचा काढा आणून दिला. तो मी तुळशीला घातला. तुळस बरी आहे.

जिभाऊ मात्र स्वतः आले. सत्तरी ओलांडलेला माणूस चोपड्याहून मोटरसायकलवर, मागे केळीची फणी बांधून. माझ्या भावाचं सगळं आयुष्य तापीकाठच्या केळीत गेलं. ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बहीन, मी तं एकच जानस. हरण्या दिसना की झाड उपटी टाक. करपा व्हई तं पान काप, फवारा मार. तुनं काय शे, हरण्या का करपा?”

ज्यांना केळी फक्त खायची माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. पानांवर पिवळे पट्टे येतात, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि औषध काही नाही; दिसलं झाड की मुळासकट उपटायचं, शेताबाहेर नेऊन पुरायचं किंवा जाळायचं. लोभापायी राखलं तर बाग जाते. करपा बुरशीचा. त्याला पान कापतात, फवारणी घेतात, घड पदरात पडतो. मी हा प्रश्न डॉक्टरांना जसाच्या तसा, मराठी करून विचारला. ते खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, “आज करपा आहे.” मग जरा थांबून, “पण करप्याचा हरण्या होत नाही ना केळीत?” मी म्हटलं, नाही. “इथे होतो,” ते म्हणाले.

जिभाऊंची उपमा इथे मोडली. पण दोन वर्षं झाली, मी अजून तिच्यातच विचार करते.

आता एक अवघड गोष्ट. पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी विचारलं होतं, “तंबाखू? मिश्री?” मी म्हटलं, नाही. “घरात कुणी विडी-सिगारेट?” आमचे हे खिडकीबाहेर बघायला लागले. एस.टी.त कंडक्टर होते, चाळीस वर्षं विडी. मूत्राशयाच्या कॅन्सरमागे सर्वांत मोठं कारण धूम्रपान. सगळ्या रुग्णांतल्या जवळपास निम्म्यांच्या वाट्याला तो धुरातून आलेला असतो. धूर जातो फुप्फुसात, पण त्यातली विषं रक्तातून मूत्रपिंडात, तिथून लघवीत उतरतात आणि जिथे लघवी तासन्‌तास साठते तिथलं अस्तर त्यात भिजत राहतं. १८९५ मध्ये लुडविग रेन नावाच्या जर्मन सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा रोग हेरला होता, तोही याच वाटेने आलेला. पण हे सगळं ओढणाऱ्यांचं आणि हाताळणाऱ्यांचं. जो ओढतो तो ठणठणीत आणि शेजारी बसलेली मी आजारी, याचा हिशेब कसा लावायचा? डॉक्टर म्हणाले, एका पेशंटमध्ये एका कारणावर बोट ठेवता येत नाही. खरं असेल. पण त्या रात्री ह्यांनी विडीचं बंडल चुलीत टाकलं आणि आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. अजून बोललेलो नाही. मी रागावलेय का? काही दिवशी हो. बहुतेक दिवशी मला त्यांचा खोकला कमी झालेला ऐकून बरं वाटतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचाच थोडा राग येतो.

दुसरं मत घ्यायला आम्ही मुंबईला गेलो. संध्याकाळी अमळनेरहून गाडी, सकाळी मुंबई, मग परळचं टाटा. तिथली गर्दी बघून माझं दुखणं मला जरा लहान वाटलं, तेवढा फायदा लगेच झाला. तिथल्या डॉक्टरांनीही दोन्ही वाटा बरोबर म्हटल्या. मूत्राशय राखून रेडिएशन आणि केमो एकत्र देण्याची तिसरी वाटही त्यांनी सांगितली, पण ती मुख्यतः स्नायूत उतरलेल्या एकट्या गाठीसाठी. चट्टे विखुरलेले असले की ती जमत नाही. म्हणजे माझ्यासाठी बंद. एक गोष्ट मात्र त्यांनी बोट आपटून सांगितली: “बीसीजी घ्या, हरकत नाही. पण ती हरली की रेंगाळायचं नाही. तेव्हा ‘अजून एकदा बघू’ म्हणायचं नाही.”

उतरलो होतो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे जिन्याजवळ एक यवतमाळकडची बाई भेटली, माझ्याच वयाची. तीन वर्षांपूर्वी तिचं मूत्राशय काढलेलं. मी चोरून तिच्या पोटाकडे बघत होते, ते तिच्या लक्षात आलं. “पाह्यची काय?” म्हणाली आणि सरळ आडोशाला नेऊन पदर बाजूला केला. पोटावर गुलाबी, ओलं, लहानशा गुलाबाच्या कळीएवढं काहीतरी, आणि त्याभोवती चिकटवलेली थैली. खाली तोटी. मला वाटलं होतं मला किळस येईल. आली नाही. ती स्वच्छ होती, साबणाचा वास येत होता.

“चार दिसांनी बदलतो. रात्री मोठी थैली जोडतो, झोप लागते मस्त,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “अन्‌ सांगू का? एश्टीत आता मले भेव नाही. तीन घंटे बस थांबली नाही तं नाही थांबली. लग्नात बाया संडासाच्या लायनीत उभ्या असतेत, मी आपली पंगतीत.”

हे कुठल्याच डॉक्टरने मला सांगितलं नव्हतं. सांगूही शकला नसता, कारण त्यांच्यातल्या कुणी बाई होऊन एस.टी.ने प्रवास केलेला नाही. मी तिला उन्हाचं विचारलं. विदर्भातली बाई, तिला काय सांगायचं ऊन! ती म्हणाली, मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते, दोनदा भर बाजारात सुटली. “रडली मी तवा. घरी गेली, धुतलं, नवी लावली.” एवढंच. पुढे तिने मला तिची चकलीची भाजणी सांगितली.

गाडीत रात्रभर मी जागी होते. नंदुरबार आलं तेव्हा ठरलं. मूत्राशय ठेवलं तर पुढे काढता येईल. काढलं तर परत बसवता येणार नाही. हे काही फार खोल तत्त्वज्ञान नव्हे, गहाण आणि विक्री यांतला फरक आहे. गहाण ठेवलेली जमीन कधी कधी हातची जाते, हेही आमच्या घरात पाहिलेलं आहेच. तरी बीसीजी घ्यायचं ठरवलं. मुलगा फोनवर गप्प झाला. “तुझा निर्णय,” म्हणाला. हल्लीची मुलं हे शब्द फार लवकर म्हणतात.

बीसीजी म्हणजे तीच, तान्ह्या बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात ती. क्षयाची लस. माझे एक काका क्षयाने गेले, आमच्या घरात त्यांची ताट-वाटी वेगळी असायची; आणि आता त्याच रोगाच्या भाऊबंद जंतूंना मी आत बोलावून घेणार होते. फ्रान्सच्या लिल शहरात काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गायींच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्ताच्या मिश्रणावर तेरा वर्षं, दोनशे तीसेक वेळा पुन्हा पुन्हा वाढवून नरम केला. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा बाळाला दिला. १९७६ साली कॅनडात मोरालेस यांनी तीच लस नऊ रुग्णांच्या मूत्राशयात सोडल्याचं लिहिलं. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. सहाच का? तर त्यांना मिळणाऱ्या लशीच्या खोक्यात सहा कुप्या असायच्या म्हणून. आज साऱ्या जगात हाच सहाचा पाढा चालतो. हे वाचलं तेव्हा मला या शास्त्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. आमच्या शाळेतही एका वर्गात चाळीस मुलं असायची, कारण सतरंज्या तेवढ्याच होत्या.

नळीतून औषध आत सोडतात आणि सांगतात, दोन तास धरून ठेवा. नर्स तरुण होती. काळजीने म्हणाली, “आजी, जमेल ना? बऱ्याच जणांना जमत नाही.”

जमेल ना! सकाळी सहाला घर सोडायचं, बसने जायचं, तिथून चालत शाळा. शाळेला संडास झाला तो माझ्या नोकरीच्या सतराव्या वर्षी, आणि त्याला पाणी त्यानंतर किती वर्षांनी ते विचारू नका. त्याआधी घरून निघताना पाणी प्यायचं नाही, मधल्या सुट्टीत चहा टाळायचा, दुपारी पाय आवळून शिकवायचं, आणि घरी आल्यावर पर्स ओट्यावर फेकून आधी तिकडे. एक मी नाही. माझ्याबरोबरच्या सगळ्या बाया अशाच. मी नंतर डॉक्टरांना विचारलंही, त्याने झालं असेल का हे? ते म्हणाले, धरून ठेवल्याने कॅन्सर होतो असं काही सिद्ध नाही. मी विश्वास ठेवला. पण दोन तासांची परीक्षा म्हणाल तर मी त्या वॉर्डात पहिली आले. पंधरा मिनिटं डाव्या कुशीवर, पंधरा उजव्या, मग पालथी, मग उताणी, औषध सगळीकडे लागावं म्हणून. कुस वळताना मनात बाराखडी म्हणायची.

नंतरचं एवढं छान नव्हतं. दोन दिवस आग, थंडी वाजून ताप, दर वीस मिनिटांनी धाव. औषध घेतल्यावर सहा तास लघवीला गेलं की संडासात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग पाणी टाकायचं, कारण त्यात जिवंत जंतू असतात. हे काम ह्यांनी आपणहून घेतलं. मी बाहेर आले की हे बादली आणि ब्लीचची बाटली घेऊन आत. हातात घड्याळ. चाळीस वर्षं लोकांना तिकिटं फाडून देणारा माणूस माझ्या लघवीवर पहारा देत उभा राहिला. मघाशी म्हटलं ना, त्याबद्दल आम्ही बोललो नाही. कदाचित हेच ते बोलणं असेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुर्बीण झाली, स्वच्छ. मग तीन डोस. मग उन्हाळ्यात लसच मिळेना; जगात ती बनवणारे मोजके, तुटवडा पडला की सगळीकडे पडतो. सहा आठवडे उशीर झाला. मे महिन्याची दुर्बीण स्वच्छ. लोक सणावारांनी वर्ष मोजतात, मी दुर्बिणींनी मोजायला लागले. तिच्या आधीचे आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि नंतरचे आठ दिवस मी साड्या घेते.

ऑगस्टात आत लाल चट्टा दिसला. तुकडा काढला. रिपोर्टला दहा दिवस. डॉक्टर म्हणाले, हा उलटला असेल तर आता ऑपरेशन. परळच्या डॉक्टरांचं आपटलेलं बोट मला आठवत होतंच. मी म्हटलं, हो. आणि गंमत म्हणजे, ‘हो’ म्हटल्यावर मला अनेक महिन्यांत पहिल्यांदा शांत वाटलं.

थैलीची तयारी करून घेणाऱ्या ताईंनी मला झोपवलं, बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं. पोटाला घडी कुठे पडते ते पाहिलं, १९९७ची शिवण पाहिली. “परकराची नाडी कुठे बांधता?” मी दाखवलं. नाडीच्या खाली, उजवीकडे, त्यांनी निळ्या पेनाने ठिपका काढला. मग एक थैली दिली. म्हणाल्या, यात थोडं पाणी भरून दोन दिवस घरात लावून बघा. सवय होईल.

त्या रविवारी कानबाई होती, आमच्या खानदेशातला देवीचा सण. दिरांकडे कानबाई बसते. रोट व्हायचे होते, साऱ्या भाऊबंदकीच्या बाया जमलेल्या. मी पाणी भरलेली थैली पोटाला चिकटवून, वर जांभळी साडी नेसून गेले. सुनेला फक्त माहीत. रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन, बोरी नदीपर्यंत. जाऊबाईंनी फुगडीला ओढलं. मी नको नको म्हणत होते आणि त्यांना वाटलं मी वयामुळे म्हणतेय. चार गिरक्या घेतल्या. पाणी आत डुचमळत होतं, मांडीला गार लागत होतं. सून गर्दीतून डोळे वटारून माझ्या पोटाकडे बघत होती. काही सुटलं नाही. कुणाला काही कळलं नाही. थांबले तेव्हा मला धाप लागली होती आणि मी हसत होते, आणि हसताना मनात म्हणाले, हिच्यासह जमेल.

गुरुवारी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. बीसीजीनेच आलेली सूज, ग्रॅन्युलोमा. लस काम करतेय त्याची खूण. ऑपरेशनचं बारगळलं, बीसीजी चालू. मुलगा फोनवर रडला. हे देवाला गेले. घरात पेढे आले, आणि मी पेढा तोंडात धरून बसले होते. कुणाला सांगता येईना की मला थोडं उतरल्यासारखं झालंय. मोठ्या मुश्किलीने मी माझं मन त्या थैलीपाशी नेऊन बसवलं होतं. आता त्याला उठवून परत पहिल्या जागी आणायचं, पुन्हा तीन महिने, मग पुन्हा तीन. काढणाऱ्यांनी एकदा ठरवलं की ठरलं. ठेवणाऱ्यांना दर दुर्बिणीला नव्याने ठेवावं लागतं.

मुलगा म्हणाला, ती थैली टाकून दे आता. मी नाही टाकली. गोदरेजच्या कपाटात, जांभळ्या साडीच्या घडीत आहे.

या आखाजीला माहेरी गेले होते. वहिनीने पितरांची घागर भरली, मला धने-जिऱ्याचं पाणी दिलं, आणि देताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. दुपार उतरल्यावर झोक्यावर बसले. जिभाऊ शेजारी खाटेवर पडले होते. पुढची दुर्बीण सोमवारी आहे, हे त्यांना माहीत होतं.

“आते काय शे?” त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. “हरण्या का करपा?”

“सोमवारी सांगेन.”

“बरं,” ते म्हणाले आणि पडल्या पडल्या पायाने झोक्याला ढकललं.